परदेशी टर्नटेबल कोल्हापूरच्या विजेवर: आधी हर्ट्झ बघा, मग व्होल्ट

नात्यातलं कुणीतरी अमेरिकेहून टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचा डेक, आणतं, किंवा जपानहून मागवलेला डेक पार्सलनं राजारामपुरीत येऊन पडतो. मग पहिला सल्ला ठरलेला असतो: "स्टेप-डाउन घ्या आणि लावा." सल्ला अर्धाच बरोबर आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही (हर्ट्झ म्हणजे विजेची लाट सेकंदाला किती वेळा येते तो आकडा). आणि जुन्या टर्नटेबलांपैकी बऱ्याच जणांची गती व्होल्टवर नाही, हर्ट्झवर ठरते. मोटर जळत नाही, धूर येत नाही, सगळं छान फिरतं. फक्त मिनिटाला ३३.३३ ऐवजी २७.७८ फेरे होतात. हार्मोनियमच्या पांढरी चारमधलं गाणं पांढरी दोनच्याही किंचित खाली येतं आणि तीन मिनिटांची बाजू ३ मिनिटं ३६ सेकंद चालते. देवल क्लबच्या, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या जुन्या संस्थेच्या, गावात हे खपायचं नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी शोधायच्या: डेक कुठल्या विजेसाठी बनलाय, आणि त्यात मोटर कुठल्या जातीची आहे.

पाटी वाचा

डेकच्या मागं किंवा तळाला एक पाटी असते. तिच्यावर व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट हे तीन आकडे बघा. "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" म्हणजे अमेरिकी माल. "१०० व्होल्ट" म्हणजे जपानच्या घरगुती बाजारातला. जपानात पूर्वेकडं, टोकियोच्या बाजूला, ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला, ओसाकाकडं, ६० हर्ट्झ वीज असल्यामुळं त्यांच्या जुन्या डेकमध्ये दोन्हींची सोय बहुधा असते. "२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ" असेल तर तो ब्रिटनचा. पिन बदलली की काम झालं. फसवा प्रकार सौदीचा. तिथं वीज ६० हर्ट्झची आहे. त्यामुळं तिकडून आलेल्या डेकवर "२२० व्होल्ट" वाचून लोक बिनधास्त लावतात आणि मग गाणं का रडतंय ते कळत नाही.

पाठीमागं नाण्यानं फिरवायचा व्होल्टेज सिलेक्टर असेल तर निम्मं काम सोपं झालं. पण तो सिलेक्टर फक्त व्होल्ट बदलतो. आतली पुली, म्हणजे मोटरच्या टोकाचं बारकं चाक, ६० हर्ट्झचीच राहते.

मोटर ओळखा

चार जाती आहेत.

पहिली, अडॅप्टरवर चालणारी डीसी मोटर. अलीकडचे बहुतेक स्वस्त डेक असेच. अडॅप्टरवर "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" लिहिलं असेल तर पिन बदला आणि रेकॉर्ड लावा, पुढचं वाचायची गरज नाही. अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असेल तर त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, २३० व्होल्टचा नवा अडॅप्टर घ्या: आउटपुट व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि मधल्या टोकाची प्लस-मायनस तीच. एक मात्र नीट बघा. आउटपुटच्या आकड्यापुढं सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर तो डीसी. नागमोडी रेघ असेल तर आउटपुटसुद्धा एसीच आहे. प्रो-जेक्टच्या जुन्या डेब्यू मालिकेत १६ व्होल्ट एसीचा असा अडॅप्टर येतो. तो दिसायला अडॅप्टर असला तरी हर्ट्झ जसेच्या तसे मोटरपर्यंत नेतो, त्यामुळं तो डेक तिसऱ्या जातीत धरा.

दुसरी, डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बेल्टशिवाय मोटर थेट रेकॉर्डखालची थाळी फिरवते ती. टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२ हा त्याचा नमुना. आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि क्वार्ट्झच्या स्फटिकावर बांधलेली गती. विजेचे हर्ट्झ किती आहेत याच्याशी गतीचं काही देणंघेणं नाही. अमेरिकी मॉडेलला व्होल्ट तेवढे उतरवून द्या, बस. क्वार्ट्झ असेल तर डोळे झाकून घ्या, असं आम्ही नवख्याला सांगतो. परदेशातून डेक आणायचाच असेल तर याच जातीत डोकेदुखी सगळ्यात कमी.

तिसरी, बेल्टवर चालणारी एसी सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या लाटेशी ताल धरून फिरणारी: थोरेन्स टीडी १६०, लिन एलपी१२ आणि त्यांच्या पिढीतले कितीतरी. हिचं गणित पक्कं आहे. १२० ला हर्ट्झनं गुणा आणि मोटरच्या पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) संख्येनं भागा, म्हणजे मिनिटाचे फेरे निघतात. २४ पोलची मोटर ५० हर्ट्झवर २५०, ६० हर्ट्झवर ३००; १६ पोलची ३७५ आणि ४५०. मधलं काही नाही. व्होल्ट थोडे कमी-जास्त झाले तरी ती तेवढंच फिरते, फारच कमी झाले तर थरथरून थांबते.

चौथी, रबरी चाकाची, म्हणजे आयडलर ड्राइव्ह: गॅरार्ड ३०१ आणि ४०१, लेंको एल७५, ड्युअल १०१९. यांत इंडक्शन मोटर असते. चार पोलच्या मोटरला ५० हर्ट्झवर सैद्धांतिक १५०० फेरे, प्रत्यक्षात थोडे कमी, कारण तिला स्लिप असते, म्हणजे ती लाटेच्या थोडी मागं पडते. म्हणजे हिच्यावर हर्ट्झचाही परिणाम होतो आणि थोडा व्होल्टचाही.

हे ओळखता येत नसेल तर प्लॅटर (रेकॉर्डखालची थाळी) उचला. खाली बेल्ट आणि मोटरच्या टोकाला दोन पायऱ्यांची बारकी पुली दिसली, आणि मोटरवर एसीचा आकडा छापलेला असला, तर तिसरी जात. जाड रबरी कडेचं चाक दिसलं तर चौथी.

ट्रान्सफॉर्मर: कुठला आणि किती व्होल्टचा

टर्नटेबल ५ ते २० वॅट खातं. ५० व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) ट्रान्सफॉर्मर पुरून उरतो. ५०० व्हीएचा डबा घेऊन फायदा नाही. उलट त्याचं चुंबकीय क्षेत्र मोठं आणि गुणगुण जास्त.

बाजारात "११० व्होल्ट कन्व्हर्टर" म्हणून हलका प्लास्टिकचा ठोकळा मिळतो. तो हेअर ड्रायर आणि इस्त्रीसाठी असतो. आत ट्रान्सफॉर्मर नसतोच. विजेची लाट मध्येच कापून सरासरी कमी केलेली असते. मोटरला ती लाट चालत नाही, ती घरघरते आणि तापते. हातात घेऊन बघा: ५० व्हीएचा खरा ट्रान्सफॉर्मर साधारण किलोभराचा लागतो.

दुसरा प्रकार ऑटो-ट्रान्सफॉर्मर. यात एकच वायंडिंग असतं, त्यामुळं मुख्य लाइन आणि डेक यांच्यात आडोसा नाही. पिन उलटी बसली तर ११० व्होल्टच्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत १०० पेक्षा जास्त व्होल्टवर राहतात. स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात. डेकला धातूची पट्टी आणि धातूचा टोनआर्म (सुईचा दांडा) असतो आणि तुमचं बोट सतत त्याच्यावर असतं, तेव्हा वेगळ्या वायंडिंगचा, म्हणजे आयसोलेशनवालाच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. ६० हर्ट्झसाठी बनलेलं वायंडिंग ५० हर्ट्झवर चालवलं तर तेवढ्याच व्होल्टला त्याच्या लोखंडात २० टक्के जास्त फ्लक्स (चुंबकत्व) तयार होतो. मोटर असो की डेकच्या आतला ट्रान्सफॉर्मर, तो जास्त गुणगुणतो आणि जास्त तापतो. उपाय व्होल्ट त्याच प्रमाणात उतरवण्याचा: १२० गुणिले ५० भागिले ६०, म्हणजे १००. अमेरिकी १२० व्होल्टचा डेक आपल्या ५० हर्ट्झवर चालवायचा असेल तर त्याला १२० देऊ नका, १०० च्या आसपास द्या. डायरेक्ट ड्राइव्हला १०० ते ११० चालतात, कारण आत रेग्युलेटर आहे.

त्यामुळं तयार डब्यापेक्षा वाइंडिंगवाल्याकडून करून घेतलेला ट्रान्सफॉर्मर बरा. ऑर्डर अशी द्या: प्रायमरी २३० व्होल्ट, सेकंडरी ०-१००-११०-१२०, ५० व्हीए, दोन्ही वायंडिंग वेगळी, मध्ये तांब्याच्या पत्र्याचा शील्ड आणि तो अर्थला. टोरॉइडल, म्हणजे गोल कड्याच्या आकाराचा, मिळाला तर उत्तम. प्रायमरीला ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, कारण टोरॉइडल चालू करताना क्षणभर मोठा करंट ओढतो आणि साधा फ्यूज विनाकारण उडतो.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले व्होल्ट पूर्ण भाराचे असतात. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर १० वॅटचा डेक लावला की १०० च्या टोकाला १०८-११० सुद्धा दिसतात. म्हणून मल्टीमीटरनं डेक चालू असताना मोजा, आणि एकदा रात्री दहानंतर मोजा. तेव्हा गल्लीतला भार उतरलेला असतो आणि लाइनचे व्होल्ट चढलेले असतात.

ट्रान्सफॉर्मर ठेवायचा कुठं? डेकपासून किमान एक मीटर लांब आणि कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) बाजूला नको. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ते आनंदानं उचलतं. सुई रेकॉर्डवर नसताना आवाज वाढवा आणि ट्रान्सफॉर्मर हातानं फिरवून बघा. एका कोनात गुणगुण सगळ्यात कमी होते.

पुली बदलणं, म्हणजे उद्यमनगरचं काम

तिसऱ्या आणि चौथ्या जातीसाठी स्वस्त आणि कायमचा उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली. थोरेन्स, गॅरार्ड, ड्युअल, प्रो-जेक्ट या सगळ्यांच्या कारखान्यांनी दोन वेगळ्या पुल्या काढल्या होत्या. मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तरी कोल्हापुरात अडायचं कारण नाही. शिवाजी उद्यमनगर किंवा वाय. पी. पोवार नगरातला चांगला टर्नर पितळेची पुली काढून देतो. फक्त त्याला माप नेमकं द्यावं लागतं, आणि इथंच बहुतेक लोक चुकतात.

सरळ हिशेब असा वाटतो: हर्ट्झ १.२ पटीनं कमी, तर पुली १.२ पट मोठी. १० मिमीची पुली असेल तर १२ मिमी. रबरी चाकाच्या डेकला हा हिशेब बरोबर आहे, कारण मधल्या चाकाचा व्यास गणितातून उडून जातो. बेल्टला तो थोडा कमी पडतो. बेल्ट पुलीवर चढला की खरा व्यास पुली अधिक बेल्टची जाडी एवढा असतो. म्हणून सूत्र असं: जुना व्यास गुणिले १.२, अधिक बेल्टची जाडी गुणिले ०.२. १०.०० मिमीची पुली आणि ०.६ मिमीचा बेल्ट असेल तर नवी पुली १२.१२ मिमी. १२.०० ची केलीत तर गती ३३.०२ वर अडकते, म्हणजे जवळपास एक टक्का कमी. सहज ऐकून कळणार नाही, पण हार्मोनियम सोबत धरली की लगेच कळतं.

४५ च्या पायरीला हेच सूत्र स्वतंत्रपणं लावा. जुन्या पुलीचा व्यास मायक्रोमीटरनं घ्या, व्हर्निअरवर भागवू नका. पुलीच्या पायरीवर मध्ये किंचित फुगवटा असतो, बेल्ट तिथंच बसावा म्हणून. व्यास त्या फुगवट्यावर मोजायचा, आणि नव्या पुलीवरही तो फुगवटा हवा. सपाट पुलीवरून बेल्ट घसरत घसरत खाली उतरतो.

टर्नरला सांगायच्या गोष्टी: बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच धरणीत काढा, जॉब चकमधून काढून परत धरू नका. बोअर रीमरनं, शाफ्टवर हातानं सरकेल पण डगडगणार नाही इतका. डायल लावून आउट ०.०२ मिमीच्या आत हवा. पुली वाकडी असेल तर मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला गती वर-खाली होते. २५० फेऱ्यांच्या मोटरला सेकंदाला चार वेळा, आणि लांबवलेल्या सुरात ते थरथरणं स्पष्ट ऐकू येतं. पकडायला स्क्रू लावायचा तर समोरासमोर दोन, एकच लावला तर पुली एका बाजूला ढकलली जाते. घाऊक पंपांचे इंपेलर काढणाऱ्या शॉपमध्ये हा जॉब नेलात तर ते तुमच्याकडं जरा विचित्र बघतील. घड्याळाच्या किंवा इन्स्ट्रुमेंटच्या पार्टची सवय असलेला माणूस शोधा.

मोठी पुली बसली की बेल्टला सुमारे ३ मिमी जास्त फिरावं लागतं. जुना, ढिला झालेला बेल्ट उलट बरा बसेल. नवा कडक वाटला तर एक माप मोठा घ्या.

मोटरला फेज-शिफ्टचा कपॅसिटर असेल तर तोही बघा. ५० हर्ट्झवर थोडा मोठा लागतो. मोटरवर किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ५० हर्ट्झचं मूल्य दिलं असेल तर तेच घाला. नसेल तर लहान पायऱ्यांनी वाढवत जा आणि मोटरच्या अंगाला बोट लावून सगळ्यात कमी थरथर कुठं आहे ते बघा. कपॅसिटर फिल्मचाच हवा आणि त्याच्यावरचा आकडा एसी व्होल्टचा हवा. "४०० व्होल्ट" वाचून डीसीचा उचलू नका.

लेंको एल७५ या सगळ्यातून सुटलेला आहे. त्याचा मोटरचा शाफ्ट शंकूच्या आकाराचा आहे आणि रबरी चाक त्याच्यावर मागं-पुढं सरकवून गती सलग बदलते. खुंट्या सैल करायच्या, चाक जाड टोकाकडं सरकवायचं, परत आवळायच्या. व्होल्टची सोय तेवढी वेगळी करावी लागते. गॅरार्ड ३०१ आणि ४०१ मध्ये चुंबकी ब्रेक आहे, पण तो बारीक दुरुस्तीसाठी. २० टक्क्यांचा खड्डा त्यानं भरत नाही, शिवाय ब्रेक गती कमी करतो, वाढवत नाही.

कंट्रोलर

पुलीला पर्याय म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर: आत एक ऑसिलेटर हव्या त्या हर्ट्झची शुद्ध साइन लाट तयार करतो, अँप्लिफायर ती मोठी करतो, आणि मोटरला लाइनऐवजी ती मिळते. लिनच्या वल्हालामध्ये हेच तत्त्व होतं, क्रिस्टलवर बांधलेलं. फायदा असा की पुली मूळचीच राहते आणि ४५, ७८ साठी बेल्ट हलवावा लागत नाही. ३३ च्या पायरीवर बेल्ट ठेवून ५० हर्ट्झच्या पुलीला ४५ साठी ६७.५ हर्ट्झ आणि ७८ साठी ११७ द्यायचे. ६० च्या पुलीला अनुक्रमे ८१ आणि १४०.४. हर्ट्झ वाढले की व्होल्टही वाढवावे लागतात, नाहीतर ताकद उतरते. ७८ ला काही मोटरी सुरूच होत नाहीत, तेव्हा ३३ वर फिरवून मग वर न्या.

ज्यांच्याकडं जुन्या ७८ च्या तबकड्यांचा पेटारा आहे त्यांना कंट्रोलरच घ्या असं सांगू. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ वर भरलेल्या नव्हत्या. गायकाची पट्टी माहीत असेल तर हार्मोनियमवर षड्ज धरून गती जुळवता येते, आणि पुलीनं ते कधीच होणार नाही.

काय वापरू नये ते आधी. पंख्याचा रेग्युलेटर नको: तो व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ नाही, आणि सिंक्रोनस मोटर त्याला जुमानत नाही. एमआयडीसीतल्या कुणी मित्रानं कारखान्यातला व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरची गती बदलणारा डबा) देऊ केला तर धन्यवाद म्हणा आणि परत करा. तो तीन फेजचा, त्याचं आउटपुट म्हणजे हजारो हर्ट्झनं तुकडे केलेली लाट. कपॅसिटरवाल्या सिंगल-फेज मोटरचा कपॅसिटर त्यात तापतो आणि फोनो स्टेजमध्ये (कार्ट्रिजचा आवाज मोठा करणाऱ्या भागात) किरकिर शिरते. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरही मोटरला घरघरवतो. साइन वेव्हचा चालतो.

स्टॅबिलायझर सिंक्रोनस मोटरला लागत नाही. आपल्या ग्रिडचे हर्ट्झ ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, ४९.९० म्हणजे ०.२ टक्के, कुठल्याही कानाला न कळणारं. रबरी चाकाच्या डेकला मात्र व्होल्ट स्थिर असलेले बरे. तिथंही रिले टकटक करणारा स्टॅबिलायझर नको, प्रत्येक टकटकीला गती दचकते.

स्वतः बांधायचा असेल तर हाताशी लागणारं एवढंच: साइन लाट तयार करणाऱ्या एडी९८३३ चिपचं मॉड्यूल, ते चालवायला आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), एलएम३८८६ चिपचा अँप्लिफायर ±१८ व्होल्टवर, आणि २३०-ते-१२ व्होल्टचा २५ ते ५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडलेला. ११० व्होल्टची मोटर असेल तर गणिताप्रमाणं १२ च्या बाजूला ५.७ व्होल्ट हवेत. तोटा धरून ६.५ ते ७ द्यावे लागतात. मॉड्यूल जेमतेम ०.२ व्होल्ट देतं, म्हणजे एकूण ३० पटींच्या आसपास गेन. १२ च्या वायंडिंगवर निम्मेच व्होल्ट पडत असल्यामुळं कोअर गार राहतो.

दोन ठिकाणी अडकायला होतं. पहिलं, मॉड्यूलवरचा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा असतो आणि त्यावर ०.०९३ हर्ट्झच्या पायऱ्या मिळतात, म्हणजे ५० वर जवळपास ०.१९ टक्के. बारीक जुळवणीला ते जाड पडतं. क्रिस्टल काढून १ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर बसवला की पायरी ०.००४ हर्ट्झवर येते. दुसरं, अँप्लिफायरच्या आउटपुटला थोडाही डीसी असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या ओहमच्या वायंडिंगमधून सरळ वाहतो, कोअर एका बाजूला खेचला जातो आणि लाट वाकडी होते. अँप्लिफायरच्या फीडबॅकमध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर जोडायच्या आधी आउटपुट मिलिव्होल्टमध्ये मोजा.

उलट्या ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर येणारे व्होल्ट मारणारे आहेत, बॅटरीसारखे समजू नका. धातूचा डबा, त्याला अर्थिंग, आउटपुटला फ्यूज.

कंट्रोलर तयार घेतलात तरी बांधलात तरी एक सोय मागून घ्या: सुरू होताना पूर्ण व्होल्ट आणि चार-पाच सेकंदांनी ७५-८० टक्क्यांवर उतरणं. फिरत्या प्लॅटरला फिरतं ठेवायला फार जोर लागत नाही, आणि व्होल्ट उतरले की मोटरची थरथर उतरते. पार्श्वभूमी किती शांत होते ते एकदा हेडफोनवर ऐका.

वायरी आणि पहिली सुरुवात

अमेरिकी वायरमध्ये काळी तार फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. इलेक्ट्रिशियन सवयीनं काळी न्यूट्रलला जोडतो आणि डेकचा स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. बंद केलेल्या डेकच्या आत फेज जिवंत राहते. साठच्या दशकाच्या मध्याआधीच्या जर्मन डेकमध्ये तर लाल तार अर्थिंगची. रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरनं तार कुठं जाते ते बघा. ब्रिटिश पिनच्या आत फ्यूज असतो. पिन कापून टाकलीत तर तो फ्यूजही गेला, त्याच्या जागी वायरीत काचेचा फ्यूज घाला.

स्विचला समांतर एक छोटा कपॅसिटर असतो, ठिणगी दाबायला. पन्नास वर्षांचा जुना कपॅसिटर एक दिवस फुटतो आणि घरभर वास सुटतो. मूळ मूल्याचाच, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ प्रकार घाला. काही रुपयांचं काम आहे, डेक उघडलाच आहे तर करून टाका.

पहिल्यांदा सुरू करताना सिरीज बोर्ड वापरा. रेडिओ-पंप दुरुस्तीवाल्या प्रत्येकाकडं असतो: लाइनच्या मालिकेत २५ किंवा ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब. ट्रान्सफॉर्मर आणि डेक त्यातून चालू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. एलईडी बल्ब इथं निरुपयोगी.

मग तासभर चालवा आणि मोटरला हात लावा. कोमट ते गरम ठीक. हात झटकन काढावा लागला तर व्होल्ट जास्त आहेत, एक टोक खाली उतरा.

गती मोजणं

सगळ्यात विश्वासू साधन फुकट आहे: प्लॅटरच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि १०० फेरे मोजा. ३३.३३ ला बरोबर १८० सेकंद लागतात, ४५ ला १३३.३. एका सेकंदाची चूक म्हणजे ०.५६ टक्के.

स्ट्रोब डिस्क वापरत असाल तर ५० हर्ट्झची घ्या: ३३ ला १८० रेघा, ४५ ला १३३, ७८ ला ७७. अमेरिकी डिस्कवर ३३ ला २१६ असतात. आपल्या दिव्याखाली अचूक गतीलाही त्या पळताना दिसतील. दिवा निऑनचा किंवा तारेचा हवा, बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लुकलुक नसतेच. एसएल-१२०० चा स्ट्रोब दिवा स्वतःच्या क्वार्ट्झवर चालतो, त्याला हे लागू नाही. मोबाइलचं अॅप झटपट अंदाजाला चांगलं, पण मोबाइल प्लॅटरच्या मधोमध ठेवा.

रबरी चाकाचा डेक आधी दहा-पंधरा मिनिटं फिरू द्या, मग मोजा. गार तेलात तो हळू चालतो.

आकडा हातात आला की रोग बहुतेक वेळा आकड्यातच दिसतो. २७.८ असेल तर ६० ची पुली ५० हर्ट्झवर चालतेय. ४० असेल तर पुलीही बदलली आणि कंट्रोलरही ६० वर ठेवलाय, एकच उपाय ठेवा. ३३.० च्या आसपास अडकलं तर पुलीच्या हिशेबात बेल्टची जाडी राहिलीय किंवा चुकीच्या जाडीचा बेल्ट आलाय. आकडा दर मोजणीला वेगळा येत असेल तर विजेला दोष देऊ नका: बेल्ट घसरतोय, बेल्ट आणि पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आणि प्लॅटरच्या बेअरिंगमध्ये तेल आहे का ते बघा. डीसी मोटरच्या डेकची गती हळूहळू सरकत गेली तर मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत ट्रिमर आहे. प्लास्टिकच्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं केसाएवढा फिरवा, परत १०० फेरे मोजा.